पक्ष्यांच्या पाठी

माझ्या काकाला कामावर सगळे 'वरचा' म्हणायचे. उंच इमारत बांधताना तिच्या शेजारी जी क्रेन उभी असते, तिच्या माथ्याजवळच्या काचेच्या केबिनमध्ये तो दिवसभर बसलेला असायचा. खाली कुणी गप्पा मारत उभा दिसला की मुकादम ओरडायचा, "वरचा बघतोय रे, हात चालव." नवीन आलेला माणूस दचकून आभाळाकडे बघायचा आणि बाकीचे हसायचे. घरातही तो वरचाच होता. आजोबांच्या दुमजली घरात तळमजल्यावर आम्ही राहायचो, आणि वरच्या दोन खोल्यांत काका, काकू आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई. आम्ही खालचे, ते वरचे.

क्रेनवर जाण्याआधी काका फार तापट होता, असं आई सांगते. तेव्हा तो खाली जमिनीवर, सळ्यांच्या मोळ्यांना हुक अडकवायचं काम करायचा आणि निम्म्या जगाशी त्याचं वाकडं होतं. सगळ्यात जास्त माझ्या वडिलांशी. अण्णा सुतार होते. पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. तिथे जागा पुरायची नाही, म्हणून ते फळ्या, खुर्च्यांचे पाय, अर्धवट झालेले स्टूल जिन्यावर नेऊन ठेवायचे. वर जायला तो एकच जिना. काका रोज अडखळायचा, रोज ओरडायचा. "दादा, जिना काय तुझ्या बापाचा आहे?" असं त्याने विचारलं की अण्णा रंधा न थांबवता म्हणायचे, "हो. आणि तुझ्याही."

एके दिवशी सकाळी काकाच्या पायाचं नख फळीला लागून उलटलं. त्याने जिन्यावरचं सगळं सामान उचलून रस्त्यावर भिरकावलं. त्यात एका खुर्चीची पॉलिश केलेली पाठ होती, तिच्यावर हा एवढा ओरखडा उठला. अण्णा म्हणाले, "संध्याकाळी ये, मग बघतो तुला." आणि त्यांनी सामान तसंच रस्त्यावर राहू दिलं, पुरावा म्हणून.

त्याच दिवशी काका पहिल्यांदा मोठ्या क्रेनवर चढला. लहान मशिनवरचं शिक्षण झालं होतं, आता जुना ऑपरेटर त्याला वर घेऊन गेला.

संध्याकाळी अण्णा बाह्या सरसावून दारात बसले होते. शेजाऱ्यांनीही खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. काका आला. काही न बोलता खाली वाकला आणि फळ्या गोळा करायला लागला. "दादा, ह्या कुठे ठेवू?" म्हणाला. अण्णांना वाटलं हा पिऊन आला. त्यांनी जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास आला नाही म्हणून ते जास्तच घाबरले.

काकूला त्याने नंतर सांगितलं, "वर गेल्यावर मी आपलं घर शोधायला लागलो. सकाळच्या रागातच होतो. म्हटलं बघू तरी, कुठे बसलाय तो शहाणा. तर घर सोड, गल्लीच सापडेना. नुसतं पसरलेलं सगळं. कडेपर्यंत. आणि वर आभाळ, ते तर कुठे संपतच नव्हतं. मला आधी भीती वाटली. मग भीती गेली आणि काय झालं ते मला सांगता येत नाही. आपण म्हणजे कुणी नाही असं वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही."

मला आठवतो तो त्यानंतरचा काका. घरात, गल्लीत कुठेही भांडण झालं की लोक जिन्याखाली उभे राहून त्याला हाक मारायचे. तो यायचा, बसायचा, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचा. मध्येच "बरं, आणि मग?" असं विचारायचा. कोण चूक, कोण बरोबर हे त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. भांडणारे बोलून बोलून दमायचे आणि आपोआप मऊ व्हायचे. त्याचं कौतुक केलं तर म्हणायचा, "मी कुठे काय केलं? मला घाई नव्हती एवढंच." अण्णांची मात्र पंचाईत झाली होती. ते आईजवळ कुरकुरायचे, "हा भांडतच नाही. मग मी एकट्याने किती भांडू?"

काकूला आतली गोष्ट माहीत होती. चार दिवस जोराचा वारा सुटला की क्रेन बंद ठेवावी लागते. तेव्हा काका घरी असायचा. पहिला दिवस छान जायचा. तिसऱ्या दिवशी त्याला भाजीत मीठ जास्त लागायला लागायचं. मग काकू म्हणायची, "वारा पडू दे बाई लवकर. ह्यांना वर पाठवायला पाहिजे."

पुढे एका सकाळी तोंड धुताना काकाच्या पायाखालची जमीन फिरली. तो बेसिन धरून खाली बसला. पुन्हा काही दिवसांनी तसंच झालं. डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत जो तोल सांभाळणारा भाग असतो तो बिघडलाय. चक्कर कधीही येईल. मान वर करून बघू नका, एकदम वळू नका. खाली असाल तर बसून घ्या. काकाने विचारलं, "आणि वर असलो तर?" डॉक्टर नुसते हसले. त्यांना वाटलं तो गंमत करतोय.

कंपनी भली होती. तिने त्याला साइटच्या फाटकावर बसवलं, आत येणाऱ्या गाड्यांची नोंद करायला. पण तिथे तो टिकला नाही. ट्रकवाल्यांशी भांडला, सुपरवायझरशी भांडला, एकदा तर पाण्याच्या पिंपाशेजारी झोपणाऱ्या कुत्र्याशीही भांडला असं लोक सांगत. शेवटी स्वतःच काम सोडून घरी आला.

मग आम्हाला आईच्या गोष्टींतला जुना काका बघायला मिळाला. दूधवाला उशिरा आला, शेजारच्याने स्कूटर तिरकी लावली, रेडिओ मोठा आहे, चहा थंड आहे. प्रत्येक गोष्टीत त्याला आपल्यावरच अन्याय झालेला दिसायचा. बोलून झाल्यावर तो स्वतःच पडलेल्या चेहऱ्याने खिडकीत जाऊन बसायचा. त्याचंच त्याला पटत नव्हतं, हे कळायचं.

त्याच सुमारास ताईला नोकरी लागली, लांब, समुद्राकाठच्या शहरात. पूर्वीचा काका म्हणाला असता, "जा की. आम्ही येऊ तुला भेटायला." हा काका म्हणाला, "इथलं घर लहान पडायला लागलं वाटतं तुला."

ताई म्हणाली, "घर नाही लहान पडत, बाबा. तुझ्याशी बोलायलाच जागा उरली नाही."

ती गेली. फोन करायची तो फक्त काकूला. काका त्याच खोलीत पेपर वाचत बसायचा. पान मात्र उलटायचा नाही.

मी तेव्हा एका चष्म्याच्या दुकानात काम करत होते. संध्याकाळी घरी येताना काका मला गल्लीच्या तोंडाशी दिसायचा. तिथून छपरांच्या वर लांबच्या दोन क्रेन दिसायच्या. मान वर करायची त्याला मनाई, म्हणून तो एका हाताने विजेचा खांब घट्ट धरायचा आणि मग वर बघायचा. मी शेजारी जाऊन उभी राहिले तरी त्याला कळायचं नाही. बऱ्याच वेळाने म्हणायचा, "हा नवीन आहे. ओझं झुलू देतोय बघ. थांबायला पाहिजे. वर घाई करून चालत नाही." त्याच्या डोळ्यांत चक्कर चढत असायची, कपाळावर घाम यायचा, खांब धरलेली बोटं पांढरी पडायची. तरी तो मान खाली घालायचा नाही. मी "काका, चल चहाला" म्हटलं की अगदी लहान मुलासारखा म्हणायचा, "थांब ना जरा. खाली उतरवू दे त्याला तेवढं."

मला वाटलं, उंचीच हवी असेल तर त्याला काय अवघड आहे? शहरात एक ऑफिसची उंच इमारत होती, तिच्या शेवटच्या मजल्यावर कॅफे. लिफ्टने जायचं, लिफ्टने यायचं. डॉक्टरांनी परवानगी दिली. एका सुट्टीच्या दिवशी मी त्याला घेऊन गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. काचेच्या मोठ्या भिंतीजवळ जाऊन तो उभा राहिला. सगळं शहर खाली पसरलेलं होतं. आमच्या मागे लोक फोटो काढत होते, गाणं लागलं होतं, एसी अंगावर येत होता. काका पुष्कळ वेळ उभा होता.

"दिसतंय सगळं," तो म्हणाला.

"मग?"

"काही नाही. नुसतं दिसतंय."

त्याने कॉफी अर्धी टाकली. उतरताना एका माणसाने लिफ्टची चुकीची बटणं दाबली, तर काका त्याच्याशी तळमजल्यापर्यंत भांडला.

त्यानंतर जिन्याचं प्रकरण झालं. अण्णांनी मोठ्या मेहनतीने एक आरशाचं कपाट केलं होतं. त्याची दारं पॉलिश वाळायला जिन्यावर टेकवून ठेवली होती. काका वर जाताना त्याला चक्कर आली, त्याने आधाराला हात टाकला तो नेमका दारावर. दार घसरलं, आरसा फुटला, काकाच्या तळहाताला काच लागली. आम्ही सगळे धावलो. खरं तर तेव्हा दोघेही घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसांना दुसरं काही सुचत नाही.

"चक्कर येते तर बघून चालावं माणसाने," अण्णा म्हणाले.

"मी पडून मेलो असतो तरी तू आधी आरसा उचलला असतास."

"वाटेल ते बोलू नकोस."

"खोटं आहे का? आई आजारी होती तेव्हाही तू ऑर्डर पूर्ण करत बसला होतास."

अण्णांचा चेहरा असा उतरला की आईने पटकन त्यांचा दंड धरला. आजीच्या आजारपणात अण्णा रात्रंदिवस तिच्या उशाशी होते, हे काकाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. अण्णांनी काच गोळा केली आणि आत जाऊन जिन्याकडचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी जिना रिकामा होता. एक फळी नाही, भुशाचा कण नाही. तो रिकामा जिना फार वाईट दिसायचा. काका मुकाट्याने वर-खाली करायचा. दोघे भाऊ एका छपराखाली राहून एकमेकांच्या पावलांचा अंदाज घेऊन बाहेर पडायला लागले.

काकूने हे किती तरी दिवस चालू दिलं. काकू प्रसूतिगृहात नर्स होती. कामाबद्दल ती घरी फारसं बोलायची नाही. बोलली तरी "आज दोन मुलगे, एक मुलगी" एवढंच. एका संध्याकाळी मी तिचं भांडं परत द्यायला वर गेले होते. काका खिडकीत होता. काकू भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, तुम्ही वर जात होतात म्हणून शांत होतात, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी एवढी वर्षं कशाच्या जिवावर शांत आहे, हे कधी तुमच्या मनात आलं का?"

काकाने तिच्याकडे बघितलं.

"उद्या मला न्यायला या," काकू म्हणाली. "जरा आधीच या. बाहेर बाकडं आहे, तिथे बसा."

पुढचं मला काकानेच सांगितलं, आणि थोडं काकूने.

बाकड्यावर आधीच दोन कुटुंबं होती. आत बाळंत होत असलेल्या मुलीची माणसं आणि तिच्या नवऱ्याची माणसं. दोन्ही आज्या कडाकडा भांडत होत्या. बाळ-बाळंतिणीने आधी कुणाच्या घरी जायचं, हा विषय. त्यातून मग लग्नातल्या गोष्टी निघाल्या, कुणी कुणाला खुर्ची दिली नव्हती ते निघालं. बिचारा नवरा भिंतीवरची सूचना पुन्हा पुन्हा वाचत होता. काकाचं डोकं उठलं. तो उठून दोघींना चार शब्द सुनावणार, एवढ्यात दार उघडलं आणि काकू बाहेर आली. डोक्याला टोपी, हातात गुंडाळलेलं बाळ.

सगळे गप्प झाले. बाळ रडत नव्हतं. त्याने एक डोळा उघडला होता आणि तो उजेडाकडे लावला होता. एवढंच. पण तिथल्या कुणालाही पापणी हलवावीशी वाटली नाही. काही वेळापूर्वी हे माणूस जगात नव्हतं आणि आता ते बघत होतं. एका आजीने दुसरीचं कोपर धरलं होतं आणि धरलंय हे दोघींनाही माहीत नव्हतं. काका कधी उठून उभा राहिला, त्याचं त्याला कळलं नाही. छातीत काही तरी रुंद होत गेलं, म्हणाला. ओळखीचं. त्याने काकूकडे बघितलं. तिने अशी किती बाळं हातात घेतली असतील. तरी तिचा चेहरा आज पहिल्यांदाच बघणाऱ्यासारखा होता. काका म्हणाला, "मी हा चेहरा घरी कधी बघितला नव्हता. बघितला असेल, पण मला वाटायचं ती दमून आली आहे."

काकू आत गेली. आज्यांनी डोळे पुसले आणि विषय पुन्हा निघाला. "तरीपण आठ दिवस तरी आमच्याकडे यायला हवीत," एक म्हणाली. पण आवाज खाली आला होता. दुसरी थोडी थांबून म्हणाली, "बरं, आधी तुमच्याकडे जाऊ द्या. मी येऊन बसत जाईन दिवसा."

घरी येताना काकाने विचारलं, "रोज असं होतं?"

"रोज."

"आणि मग घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर भांडायचं लक्षात असतं," काकू म्हणाली. "पण जोर येत नाही."

"आणि ज्या दिवशी आत काही वाईट घडतं?"

काकू काही पावलं तशीच चालली. "त्या दिवशी तर मुळीच येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कारखान्यात आला. मी दारात चप्पल घालत होते, तिथेच थांबले. अण्णा फळी रंधत होते. काका स्टुलावर बसला.

"दादा, आईबद्दल मी बोललो ते खोटं होतं."

"माहीत आहे."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीस?"

"खोटं होतं म्हणूनच," अण्णा म्हणाले. आणखी थोडा भुसा पडला. मग त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि एकदम विचारलं, "काय रे, वरून काय दिसायचं?"

काकाला वाटलं नव्हतं असं काही विचारतील. तो आधी चाचरला. मग सांगायला लागला. थंडीच्या दिवसांत खाली धुकं भरून राहायचं आणि फक्त उंच इमारतींचे माथे वर निघालेले असायचे. तेव्हा खाली शहर आहे यावर विश्वास बसायचा नाही. पाऊस यायचा तो चालत यायचा, एकेक वस्ती पुसत. समोरच्या इमारतीवर कुणी हातोडा मारला तर घाव आधी दिसायचा आणि आवाज मागून यायचा. "आणि पक्षी, दादा. आपण इथून बघतो ते पक्ष्यांचं पोट. मला वरून त्यांच्या पाठी दिसायच्या. थवेच्या थवे माझ्या पायाखालून जायचे. पाठीवर ऊन पडलेलं असायचं. त्यांना ठाऊकही नसायचं कुणी बघतंय. मी हातातलं काम थांबवायचो. खालून वॉकी-टॉकीवर शिव्या यायच्या, पण मला..."

तो थांबला. अण्णा फळीवरून हात फिरवत बसले होते.

"एवढं सगळं होतं," ते म्हणाले, "आणि मला कधी सांगितलं नाहीस."

"तुझ्या जिन्यात मावलं नसतं," काका म्हणाला, आणि दोघेही हसले. मला दुकानात जायला उशीर झाला.

त्यांची भांडणं संपली असं मी म्हणणार नाही. फळ्या परत जिन्यावर आल्या आणि ओरडणंही आलं. पण पूर्वीसारखं ते दिवसभर रेंगाळत नसे. काका काकूला आणायला रोज जाऊ लागला, मुद्दाम लवकर. कधी दार उघडायचं, कधी नाही. ज्या दिवशी काही दिसायचं त्या दिवशी तो येताना अण्णांकडे सांगायला डोकावायचा. तरी त्याची ओढ गेली नाही. बोलता बोलता तो मध्येच गप्प व्हायचा आणि कुठे गेला हे आम्हाला कळायचं. काकू तेव्हा त्याला हाक मारायची नाही.

ताईला त्याने फोन केला तो असाच एका दुपारी. काकू कामावर होती, म्हणून मला नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवायला सांगितलं. काय बोलायचं हे बहुतेक ठरवलेलं होतं, पण ते सगळं विसरून तो म्हणाला, "तुझ्या खिडकीतून काय दिसतं गं?"

"भिंत," ताई म्हणाली.

मग तीच म्हणाली, "पण समुद्र जवळ आहे. चालत जाता येतं."

"जातेस का?"

"रोज कुठे जमतंय, बाबा."

"मी आलो तर जाशील?"

"ये," ताई म्हणाली.

काकूला रजा मिळाली नाही म्हणून तो एकटाच गेला. अण्णांनी त्याला स्टेशनवर सोडलं आणि गाडी हलेपर्यंत गोळ्या घेतल्यास का, पाणी घेतलंस का, विचारून त्याला पुरता वैताग आणला.

काही दिवसांनी ताईचा मला फोन आला. म्हणाली, "बाबा रोज संध्याकाळी किनाऱ्यावर बसतो. मीही बसते. काल मी सगळं बोलले त्याला, मी जाताना तो काय म्हणाला होता ते, मला किती लागलं ते. खूप रागावून बोलले गं. तो समोर लाटांकडे बघत ऐकत होता. मला वाटलं त्याचं लक्ष नाही. तर म्हणाला, 'बरं, आणि मग?'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कधी येतोय परत?" मी विचारलं.

"नाव काढत नाही," ती म्हणाली. "राहू दे. आईला सांग, एवढ्यात पाठवत नाही म्हणावं."